टाकीवरचा ध्रुव

आमच्या घराला स्वतःचा एक तारा आहे. घरची म्हैस असते, घरचं जातं असतं, तसा घरचा ध्रुव. अंगणात उभं राहायचं, गोठा उजव्या हाताला ठेवायचा आणि गावच्या पाण्याच्या टाकीकडे तोंड करायचं. टाकीच्या डोक्यावर दिसतो तो ध्रुव. टाकी नव्हती तेव्हा तिथं चिंच होती आणि तेव्हा तो चिंचेच्या शेंड्यावर असायचा, असं सासूबाई सांगतात. घरातली लेक सासरी निघाली की तिला आणि जावयाला अंगणात उभं करून हा ध्रुव दाखवायचा. सून आली की उंबऱ्यावरचं माप लवंडायच्या आधी तिला दाखवायचा. "दिसला का?" असं विचारायचं आणि तिनं "दिसला" म्हणायचं. विधी एवढाच.

मी या घरात आले ती वैशाखात. अंगावर जरीची साडी, पायात नव्या चपलांचे फोड आणि पोटात कावळे. सासूबाईंनी टाकीकडे बोट केलं. वर एक तारा चांगला लखलखत होता. तो नसता तरी मी दिसला म्हणाले असते, कारण आत ताटं वाढली होती आणि वरणाचा वास बाहेरपर्यंत येत होता.

वन्संचं लग्न त्यानंतर काही वर्षांनी झालं, माघात. वन्सं म्हणजे माझी नणंद, आमच्या ह्यांची धाकटी बहीण. देवानं या बाईला सगळं दिलं, फक्त खोटं बोलायची कला दिली नाही. दिवसभर फोटो काढते, पण गिऱ्हाइकानं विचारलं की बरा आला का, तर सरळ सांगणार, डोळे झाकलेत, परत बसा. तर त्या दिवशीही तसंच झालं. मांडवातून निघायची वेळ, वरात खोळंबलेली, वाजंत्रीवाले चुळबुळ करताहेत, आणि सासूबाईंनी विचारलं, दिसला का? वन्सं म्हणाल्या, न्हाई. लोक हसले. सासूबाईंनी परत बोट केलं. वन्संनी मान उंच करून, टाचा वर करून बघितलं आणि म्हणाल्या, टाकीवर कायबी न्हाई. शेजारी उभा असलेला नवरदेव मात्र "दिसला, दिसला" म्हणून मोकळा झाला आणि गाडीत जाऊन बसला.

तो माणूस काय लायकीचा होता ते पुढं सगळ्या गावाला कळलं. वन्संनी सोसायचं तेवढं सोसलं आणि एक दिवस बॅग घेऊन परत आल्या. आम्ही सगळ्यांनी त्यांना घरात घेतलं, कुणी वाकडा शब्द काढला नाही. पण सासूबाईंना लेकीच्या दुःखाला काहीतरी कारण पाहिजे होतं. नवऱ्याला शिव्या देऊन त्यांचं समाधान होईना. मग त्यांनी कारण शोधलं, की ध्रुव दिसला न्हाई म्हनली, म्हनून संसार टिकला न्हाई. हे त्या रागानं म्हणायच्या नाहीत, हळहळून म्हणायच्या, आणि तेच जास्त वाईट. रागानं म्हटलेलं माणूस विसरतं. हळहळून म्हटलेलं वन्संच्या मनात जाऊन बसलं.

आता गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. डोंगरकडा म्हणून गाव आहे, तिथून वन्संसाठी स्थळ आलं. बायको आजारपणात जाऊन बरीच वर्षं झालेली, थोडी शेती, तुषार सिंचनाच्या पाइपांचं दुकान. आमच्या गावात कुणाच्या तरी लग्नाला आला होता आणि तिथं वन्सं कॅमेरा घेऊन पाहुण्यांना दरडावत होत्या, की पोट आत घ्या, मान सरळ करा. तेवढ्यावरच गड्याचं मन बसलं. त्यानं निरोप धाडला, घाई न्हाई, माघापर्यंत काय ते सांगा. आम्ही चौकशी केली. माणूस सोन्यासारखा. ह्यांना पसंत, मला पसंत, सासूबाईंनाही मनातून पसंत. आणि वन्सं ना हो म्हणेनात, ना नाही.

एकदा मी भाकरी थापत होते आणि त्या चुलीपाशी बसल्या होत्या. मी विषय काढला. त्यांनी चुलीतलं लाकूड आत सारलं आणि म्हणाल्या, "वहिनी, ध्रुव न दिसलेली बाई हाय मी. त्या चांगल्या मानसाचं काहून वाटोळं करू?"

माझी भाकरी करपली. मी हायस्कूलला मराठी शिकवते, दिवसभर पोरांना समजावून सांगणं हाच माझा धंदा. पण इथं समजावणं बाजूलाच राहिलं. नुसता राग आला. ताऱ्याचा राग आला, सासूबाईंचा आला, टाकीचासुद्धा आला. मी वन्संना म्हटलं, असला विचार परत केला तर उलथणं फेकून मारीन. त्या हसल्या. पण हो काही म्हणाल्या नाहीत.

अशात त्यांनी आकाशाचे फोटो काढायचं खूळ घेतलं. गोरेगावच्या, म्हणजे मुंबईच्या नव्हे, आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावच्या बाजारात त्यांचा फोटो स्टुडिओ आहे, एका खोलीचा, मागे निळा पडदा. लग्नाचं काम आता बहुतेक ड्रोनवाल्यांकडे गेलं. राहिले पासपोर्टचे फोटो आणि झेरॉक्स. रिकाम्या वेळात मोबाइल बघता बघता त्यांना एक फोटो दिसला. मृग नक्षत्रातल्या बाणाच्या खाली जो धूसर ठिपका दिसतो ना, त्याचा. जवळून बघितलं तर तिथं गुलाबी ढग फुलून आलेला. कुठल्याशा पोरीनं घराच्या गच्चीवरून काढला होता. वन्संनी तो मला दाखवला आणि म्हणाल्या, हे आपल्या अंगनातून बी निघंल. मला वाटलं, डोंगरकड्याचं उत्तर टाळायला बाईनं नवं निमित्त काढलं. पण कितीतरी दिवसांनी त्यांच्या तोंडावर हुरूप दिसला होता, म्हणून मी म्हटलं, चला, मी येते.

जीपनं हिंगोली, तिथून एसटीनं नांदेड, कॅमेरे आणि दुर्बिणी मिळतात त्या दुकानात. दुकानदार तोंडाचा गोड होता, पण आत शिरताच मला म्हणाला, "आइये अम्मा, बैठिये," आणि वन्संना म्हणाला, "बोलो बेटा." वन्सं माझ्याहून सात-आठ वर्षांनीच लहान. तिथंच त्याचं आणि माझं बिनसलं.

त्यानं आधी काढली ती एक लांबलचक पांढरी दुर्बीण. खरं सांगते, मला ती फार आवडली. अंगणात ठेवली तर सगळी गल्ली बघायला येईल अशी वस्तू. मी लगेच म्हटलं, घ्या हीच. वन्संनी ती उचलून बघितली आणि विचारलं, हिला फिरवणारा माउंट केवढा लागंल? दुकानदारानं दाखवला. तो मला एकटीला उचलेना. वन्सं म्हणाल्या, पहिल्याच दिवशी एवढं घेतलं तर दुसऱ्या दिवशी माळ्यावर जाईल. दुकानदारानं पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट बघितलं आणि बेटा सोडून मॅडम म्हणायला लागला. मी मात्र अम्माच राहिले.

माउंट म्हणजे काय ते मला तिथंच कळलं. पृथ्वी फिरते, म्हणून तारे सरकतात. अंधारात कॅमेऱ्याचं शटर मिनिटभर उघडं ठेवलं की ताऱ्याचा ठिपका येत नाही, रेघ येते. म्हणून कॅमेऱ्याखाली हे यंत्र लावायचं. ते कॅमेऱ्याला ताऱ्यांच्या मागं मागं अगदी हळू फिरवतं. फक्त त्याचा कणा, म्हणजे ज्याच्याभोवती ते फिरतं तो दांडा, बराबर ध्रुवाकडे रोखावा लागतो, कारण सगळं आकाश ध्रुवाभोवती फिरतं. ध्रुव चुकला की सगळं चुकलं. दुकानदार म्हणाला, लोक भारीतला कॅमेरा घेतात आणि माउंट हलका घेतात, मग फोटो हलतात आणि माझ्या नावानं बोटं मोडतात. तुम्ही उलटं करा. हे मला पटलं, पण मी तसं दाखवलं नाही.

मग दोघांचं जे सुरू झालं त्यात माझं काही काम नव्हतं. वन्सं भाजी निवडावी तसे कॅमेरे निवडत होत्या. एक होता, त्याच्या आतली काच काढून टाकलेली. आकाशातला तांबडा वायू त्यात फार छान येतो म्हणे. वन्संनी त्यानं माझा फोटो काढून बघितला. मी रंगपंचमी खेळून आल्यासारखी लालभडक. असल्या कॅमेऱ्यानं पासपोर्टचा फोटो काढला तर गिऱ्हाईक दुकानावर दगड मारंल, म्हणून तो बाजूला ठेवला. कॅमेरा असा पाहिजे की दिवसा पोटाला कामाला येईल आणि रात्री हौसेला. शेवटी वापरलेला, पण ठणठणीत असा एक साधा कॅमेरा घेतला. त्यात सगळं हातानं ठरवता येत होतं आणि मागची स्क्रीन तिरपी होत होती, म्हणजे वर बघून मान मोडायला नको. लेन्स नवीन घेतलीच नाही. नवरा-नवरीच्या चेहऱ्याचे फोटो काढायची जुनी लेन्स वन्संकडे होती, तीच मृगाला चालेल म्हणाल्या. सगळा जोर माउंटवर. दोन लहान माउंट होते. वन्संनी दोन्ही काउंटरवर ठेवून एकेकाला कोपऱ्यानं ढोसून बघितलं. एक डुगडुगला. जो डुगडुगला नाही तो घेतला. त्याला ध्रुव बघायला एक छोटी नळीसुद्धा होती. किंमत सांगत नाही. सासूबाई वाचत नाहीत, पण वाचून दाखवणारे गावात पुष्कळ आहेत.

घरी आल्यावर संध्याकाळी सगळा संसार अंगणात मांडला. मार्गशीर्ष सुरू होता, आभाळ स्वच्छ. माउंटला आपल्या भागासाठी वीस अंशांचा कोन द्यायचा असं दुकानदारानं सांगितलं होतं. तो दिला, तिपाई टाकीकडे केली, वन्संनी नळीला डोळा लावला आणि ध्रुव अगदी मधोमध. केवढा ठळक, निळसर पांढरा. मोबाइलमधला आकाशाचा नकाशा काहीतरी वेगळंच दाखवत होता. पण मागे एका लग्नाला निघालो होतो तेव्हा याच मोबाइलनं आम्हाला थेट नदीत नेलं होतं, म्हणून मी त्याला गप्प बसवलं. आमच्या घरचा ध्रुव आम्हाला मोबाइलनं शिकवायचा?

मृग वर आला. वन्संनी फोटो काढला. रेघा. परत काढला. रेघाच. बाणाचे तीन तारे म्हणजे शेवया सांडल्यासारखे. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. वन्संनी प्रत्येक स्क्रू आवळला. आमचे हे भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, आधी नाचायला शिका, मग अंगणाला नावं ठेवा. मी त्यांच्याकडे असं बघितलं की ते ताट घेऊन आत गेले.

मग मी दुकानदाराला फोन लावला. माझा आवाज चढला की गोठ्यातली म्हैस पान्हा चोरते, असं आमच्या घरात म्हणतात. मी त्याला सांगितलं, तुमचा माउंट खोटा आहे, उद्या आणून टाकते. त्यानं शांतपणे विचारलं, ध्रुव बराबर धरला का? झालं. मी म्हटलं, अहो, आमच्या घरी पिढ्यानपिढ्या ध्रुव दाखवतात, सात सुना बघून आत आल्या, आणि तुम्ही मला ध्रुव विचारता? तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण. तो म्हणाला, अम्मा, माउंट बाजूला ठेवा. नुसत्या तिपाईवर कॅमेरा ठेवून तुमच्या ध्रुवाकडे तोंड करा आणि तासभर फोटो काढत राहा. मग सगळे एकावर एक ठेवा. बाकीचे तारे रेघा काढतील. ध्रुव असेल तर जागचा हलणार नाही.

मला तर हेच पाहिजे होतं. त्याला तोंडावर पाडायची अशी संधी परत आली नसती.

संध्याकाळी वन्संनी कॅमेरा टाकीकडे लावला. सासूबाई ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. कॅमेरा आपला खटक खटक करत राहिला आणि आम्ही तिघी शेंगा सोलत राहिलो. तासाभरानं वन्संनी लॅपटॉपवर फोटो एकत्र केले. टाकी जागच्या जागी, काळी, रेखीव. आणि आमचा ध्रुव? सगळ्यांत लांब रेघ त्याचीच. वरून निघून, विळ्यासारखा वाकून, टाकीच्या मागं उतरून गेलेला. वर बघितलं तर खरंच, टाकीवर आता काही नव्हतं. शेंगा सोलायच्या नादात घरचा ध्रुव मावळून गेला होता आणि कुणाला पत्ता नाही.

मी म्हटलं, तिपाई घसरली असेल. वन्सं म्हणाल्या, मंग टाकी बी घसरली असती. त्यांनी त्या रेघांवरून बोट फिरवलं. सगळ्या रेघा उजवीकडे वाकत होत्या, कशाच्या तरी भोवती. ते जे काही होतं ते फोटोच्या बाहेर होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी कॅमेरा उजवीकडे वळवला, गोठ्याकडे. तासाभरानं लॅपटॉप उघडला आणि आम्ही दोघी बघतच राहिलो. गोठ्याचा पत्रा, त्याच्यामागं उकिरडा, आणि उकिरड्याच्या बराबर वर सगळं आकाश गोल गोल फिरलेलं. मधोमध एक साधा, मध्यम उजेडाचा तारा. ना रेघ, ना हालचाल. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

मी हसायला लागले ती थांबेना. आमच्या घराच्या ज्या भिंतीला आम्ही सगळे उत्तरेची भिंत म्हणतो, ती कुणा पूर्वजानं सडकेला धरून उभी केली होती. सडक तिरकी, म्हणून भिंत तिरकी, म्हणून अंगण तिरकं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण इथं अंगण खरंच वाकडं होतं. इतकी वर्षं सगळ्यांनी भिंतीवर विश्वास ठेवून बोट केलं होतं. उकिरड्याकडे बघायला कोण जातंय?

मी हसतेय आणि वन्संनी मात्र लॅपटॉप बाजूला सारला. त्यांनी मोबाइलमधला तो आकाशाचा नकाशा उघडला, ज्याला मी गप्प बसवलं होतं. आता त्याचं ऐकायची माझी तयारी होती. त्यांनी मार्गशीर्षाची संध्याकाळ लावली. टाकीच्या जागी अभिजित नावाचा तारा. म्हणजे आम्ही तीन दिवस माउंटचा कणा अभिजितावर रोखला होता. मग त्यांनी वैशाखातली संध्याकाळ लावली, माझ्या लग्नातली. तिथं दुसराच तारा, ब्रह्महृदय, तोही लखलखीत. म्हणजे मी ज्याच्या साक्षीनं आत येऊन वरणभात खाल्ला तो हा. त्यांचा अंगठा जरा वेळ नुसता स्क्रीनवर राहिला. मग त्यांनी माघ लावला.

टाकीच्या जागी डोळ्यात भरेल असं काहीच नव्हतं. नुसतं काळं आकाश.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "तिथं कायबी न्हवतं. मी खरं सांगितलं होतं."

त्यांचा आवाज अगदी साधा होता आणि मला भडभडून आलं. इतकी वर्षं ही बाई स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेऊन बसली होती. सगळ्या मांडवात एकटी खरं बोलली आणि खोटी ठरली. मी त्यांना जवळ घेतलं आणि दोघी रडलो, मग हसलो, मग माझा पदर डोळ्यांना आणि त्यांची ओढणी नाकाला. हे बाहेर डोकावले आणि काय झालं म्हणून विचारायला लागले. मी म्हटलं, तुमचं आमचं लग्न भलत्याच ताऱ्यापुढं लागलंय, आता काय करता? ते म्हणाले, आता काय करणार, उशीर झाला.

सासूबाईंना सांगणं काही सोपं नव्हतं. मी लॅपटॉप त्यांच्यापुढं ठेवला आणि पोरांना समजावते तसं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग तोफ सुटली. बापजाद्यांचा ध्रुव खोटा, आन् तुमच्या डबड्यातला खरा? आन् ध्रुव म्हने उकिरड्यावर! देवाला जागा सापडली न्हाई व्हय दुसरी? त्या शेंगांचं सूप घेऊन आत गेल्या आणि जेवायलासुद्धा आमच्यात बसल्या नाहीत. वन्सं म्हणाल्या, जाऊ द्या वहिनी, आईला दुखवून मला काय करायचंय. आणि डोंगरकड्याचं उत्तर तसंच राहिलं. मला वाटलं, झालं, पालथ्या घड्यावर पाणी.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला वन्संनी माउंट परत मांडला. या वेळी कणा उकिरड्याकडे. सासूबाई ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं खाली उतरल्या. मग म्हशीला चारा टाकायचं निमित्त करून गोठ्यापाशी गेल्या, तिथून परत आल्या आणि लेकीच्या शेजारी उभ्या राहिल्या. दाखव म्हणाल्या कुठं हाय तो. वन्संनी बोट केलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले त्यांचे डोळे, त्यांनी कपाळावर हात धरून बराच वेळ बघितलं. मी दारात उभी राहून बघत होते.

"दिसला," त्या म्हणाल्या. मग बोट वन्संच्या मनगटावर ठेवून हळूच म्हणाल्या, "माझ्या लग्नात मला बी दिसला न्हवता माय. चिंचंच्या शेंड्यावर ढग व्हते. सगळ्या बाया म्हनल्या, दिसला म्हन, म्हनून म्हनले. तू तेवढी न्हाई म्हनलीस."

सासूबाई तशाच उभ्या राहिल्या, मनगट धरून. मग म्हणाल्या, की एवढी वर्षं मी तुला उगी बोल लावला, आता त्या डोंगरकडेकराला ताटकळत ठेवू नको, कळव काय ते. आणि पदर खोचून आत गेल्या.

त्या संध्याकाळी मृगाचा फोटो आला. बाणाखाली गुलाबी ढग, बोटाच्या पेराएवढा, कडेला जरा अस्पष्ट, पण आमच्या अंगणातून काढलेला. तारे ठिपक्यासारखे, शेवया नाहीत. वन्संनी तो दुकानदाराला पाठवला. त्याचं उत्तर आलं, मुबारक हो मॅडम, अम्मा को सलाम. मग त्यांनी तोच फोटो आणखी एका नंबरवर पाठवला, डोंगरकड्याला. खाली काय लिहिलं ते मी विचारलं नाही. पण सकाळी त्यांनी स्वतःहून चहा ठेवला आणि ह्यांना म्हणाल्या, दादा, त्यांना हो म्हणून कळवा.

पौषात लग्नं होत नाहीत, त्यामुळे तयारीला बरा वेळ मिळाला. माघात, गावात शेतातली हळद शिजवायची कढई लागलेली असताना, आमच्या अंगणात लहानसं लग्न झालं. मोजकी माणसं, जेवायला वांग्याची भाजी आणि बुंदी. सासूबाईंनी आदल्या दिवशी माणसं लावून उकिरडा उचलला, ती जागा सारवून घेतली आणि वर रांगोळी काढली. कुणी विचारलं की हे काहून, तर सांगायच्या, इथं ध्रुव हाय आमचा.

निघायच्या वेळी दोघांना अंगणात उभं केलं. कढईची वाफ आभाळात पसरलेली, मांडवाचे दिवे डोळ्यांवर. गोठ्याच्या पत्र्याच्या वर सासूबाईंनी बोट केलं आणि जावयाला विचारलं, दिसला का? नव्या जावयानं मान वर केली. डोळे बारीक केले, चष्मा पुसला, परत घातला, परत बघितलं. सगळा मांडव त्याच्या तोंडाकडे बघत होता. मला तर वाटलं पुढं होऊन त्याच्या कानात सांगावं, अहो, दिसला म्हणा.

"न्हाई," तो म्हणाला. "मला तर न्हाई दिसत."

मांडवात कुजबूज झाली. वन्संनी त्याच्याकडे बघितलं, आणि इतकं हसल्या की मुंडावळ्या हलायला लागल्या. त्यांनी त्याचा दंड धरला, त्याला दिव्याच्या आड ओढलं आणि सांगितलं, इथं उभं ऱ्हावा, आता बघा, दिसंल.

सासूबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "न्हाई म्हनला. मानूस खरा हाय."